बरड वावरात गवत लावायला रेन पाईप: कुठे घ्यावा, कुठे घेऊ नये

खानदेशातल्या साक्री, शिंदखेडा, पारोळा, चाळीसगाव या पट्ट्यात मुरमाड वावरावर गुरांसाठी कायमचं गवत लावायचं म्हटलं, की सिंचन साहित्याच्या दुकानात हल्ली पहिल्यांदा रेन पाईपचा, म्हणजे बारीक भोकांतून फवारा उडवणाऱ्या चपट्या प्लास्टिक पाईपचा, बंडल पुढे येतो. तो उचलायला हलका, अंथरायला सोपा आणि तुषार संचापेक्षा बराच स्वस्त असतो. हे परीक्षण ४० मिमीच्या, १०० मीटर बंडलच्या पाईपचं आहे आणि तेही फक्त चारा गवतापुरतं. कांद्याला, लसणाला तो कसा चालतो हा वेगळा विषय आहे. कंपन्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण खरा फरक पाईपची जाडी आणि भोकांची सफाई यांत पडतो, छापलेल्या नावात नाही.

निकाल आधीच सांगतो. गवत उगवून आणायला या दरात याच्याइतकं चांगलं साधन नाही. उगवलेलं गवत उन्हाळाभर हिरवं ठेवायला मात्र रेन पाईप घेऊ नका. दुकानात या दोन्ही कामांसाठी तो एकाच तोंडाने विकला जातो आणि पैसे तिथेच वाया जातात.

का, ते समजायला बियाण्यापासून सुरुवात करावी लागते. धामण गवताचं बी हातात घेऊन पाहा. कापसाच्या पिंजणासारखं केसाळ, फुंकरेने उडणारं. ते एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर उगवत नाही आणि वर उघडं राहिलं तर वारा नेतो. त्यामुळे पहिले १०-१२ दिवस जमिनीचा फक्त वरचा बोटभर थर ओला राहायला हवा, तोही बी न हलवता. पाटाने पाणी सोडलं तर बी वाहून खालच्या बांधाला गोळा होतं. मोठ्या तुषाराचा थेंब जोरात पडतो, माती उडवतो आणि भारी जमिनीवर वर पापुद्रा धरतो. रेन पाईपचं पाणी बारीक, श्रावणसरीसारखं पडतं. बियाणं जागचं हलत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

बियाण्याबद्दल दोन गोष्टी इथेच सांगायला हव्यात, कारण पाईपला दिलेला दोष बऱ्याचदा बियाण्याचा असतो. धामणाचं ताजं बी काही महिने सुप्तावस्थेत असतं, म्हणून मागच्या हंगामातलं साठवलेलं बी घ्या. पेरण्याआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ७ ते १० दिवस ठेवा. ३० पेक्षा कमी उगवले तर पेरणीचं प्रमाण दीडपट करा. एकरी दोन ते अडीच किलो बी पुरतं. ते आठ-दहा पट ओलसर मातीत कालवून दोन ओळींत दीड फूट अंतर ठेवून पेरायचं आणि वरून बोरीची किंवा बाभळीची फांदी हलकेच ओढायची, बस. बियावर मातीचा जाड थर लोटला की पाणी कितीही द्या, कोंब वर येत नाही.

धामणाच्या ओळींमध्ये स्टायलो हा द्विदल चारा पेरायचा असेल तर त्याच्या टणक बियाला ८० अंशांच्या पाण्यात ४ ते ५ मिनिटं ठेवून मग रात्रभर थंड पाण्यात भिजवा. एवढं न केल्यास निम्मं बी पहिल्या वर्षी उगवतच नाही. मारवेल गवत ठोंबांनी लावतात, दीड फूट बाय एक फुटावर. एकराला साधारण ३० हजार ठोंब लागतात, म्हणून आधी पाच-सहा गुंठ्यांत रोपमळा करून तिथूनच ठोंब काढणं परवडतं. मूळ ठोंब राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडून आणलेले बरे. मारवेल म्हणून बांधावरचं कुठलंही गवत गळ्यात मारलं जातं, हे सर्रास घडतं.

आता पाण्याचं वेळापत्रक. खानदेशात पाऊस मृगात तोंड दाखवतो आणि पुष्कळदा आर्द्रात ओढ देतो. कोरडवाहू गवताची पेरणी याच ओढीत मरते. रेन पाईप अंथरलेला असेल तर पहिल्या पावसानंतर उगवलेलं तण एका वखरपाळीने मोडून लगेच पेरता येतं, दुसऱ्या पावसाची वाट पाहावी लागत नाही. पहिले १०-१२ दिवस पाऊस नसेल तर रोज ५ मिमी पाणी. कोंब दोन पानांवर आले की दर तिसऱ्या दिवशी १० मिमी. चार-पाच पानं झाली की दर आठवड्याला २० मिमी आणि पाऊस लागला की बंद. हा क्रम मोडू नका. रोज थोडं थोडं पाणी महिनाभर चालू ठेवलं तर मुळ्या वरच्या दोन इंचांतच पसरतात आणि पुढच्या दहा दिवसांच्या उघडिपीत हिरवंगार दिसणारं गवत चार दिवसांत पिवळं पडून बसतं. पाणी लांबवलं, थोडा ताण दिला, की मुळं मुरमाच्या फटींत खाली जातात. कोरडवाहू गवताचं आयुष्य त्याच मुळांवर असतं.

मिलिमीटरचा हिशेब अवघड नाही. एका एकरावर १ मिमी पाणी म्हणजे ४ हजार लिटर, म्हणजे ५ मिमीला २० हजार लिटर. तुमची मोटर तासाला किती पाणी देते ते २०० लिटरच्या ड्रमने मोजा. ४० सेकंदांत ड्रम भरला तर सेकंदाला ५ लिटर, तासाला १८ हजार लिटर झालं. पाईप किती पाणी टाकतो ते मोजायला एकाच मापाचे, सरळ उभ्या काठाचे १५-२० डबे दोन पाईपांच्या मधल्या पट्ट्यात ठेवून तासभर पाणी चालवा आणि प्रत्येक डब्यातलं पाणी पट्टीने मोजा. सरासरी १० मिमी आली तर १०० मीटर लांब, ६ मीटर रुंद पट्ट्यावर तासाला ६ हजार लिटर पडलं. म्हणजे १८ हजारांच्या मोटरीवर एका वेळी तीन बंडल. डब्यांतला फरकही पाहा. पाईपजवळच्या डब्यात १५ आणि मधल्या डब्यात ४ मिमी असेल तर पाईप जवळ घ्या, नाहीतर वावरात हिरवे-पिवळे पट्टे उमटतील.

बंडलाच्या वेष्टनावर दोन्ही बाजूंना १५ फूट फवारा लिहिलेला असतो. वारा नसताना, एक किलो प्रेशरला, तो १० ते १२ फूट धरावा. म्हणून दोन पाईपांत २० फूट अंतर ठेवा. एकराला त्या हिशेबाने पावणेसातशे मीटर, म्हणजे सात बंडल लागतात. दुकानात तीन बंडल घेऊन सरकवत चला असं सांगतात. उभ्या पिकात ते चालेल, पेरलेल्या धामणावर नाही. ओल्या मातीवरून पाईप ओढला की केसाळ बी त्यालाच चिकटून निघतं. उगवणीच्या काळात पाईप जिथे टाकला तिथेच राहायला हवा. सात बंडल घेणं जमत नसेल तर अर्धा एकर नीट लावा आणि पुढच्या वर्षी वाढवा. गवत काही एका वर्षाचं पीक नाही.

घेताना बंडल तराजूवर ठेवा, हा या परीक्षणातला सगळ्यात उपयोगी सल्ला. ४० मिमीचा पाईप सपाट दाबला की पट्टी ६३ मिमी रुंद भरते. ३०० मायक्रॉन (०.३ मिमी) जाडीचा खरा १०० मीटर पाईप साडेतीन किलोच्या आसपास भरला पाहिजे. तोच सव्वादोन किलो भरला तर तो २०० मायक्रॉनचा आहे, वेष्टनावर काहीही छापलेलं असो. २०० मायक्रॉनचा पाईप भोकांच्या ओळीवर उभा फाटतो आणि अशी फाट जोडता येत नाही. बंडल उलगडून दोन मीटर उजेडासमोर धरा. भोकं गोल आणि स्वच्छ कडांची हवीत. कडेला प्लास्टिकचे दोरे लोंबत असतील तर त्या भोकांचा फवारा वाकडा जातो आणि कचरा तिथेच अडकतो.

चढ-उताराकडे मात्र बहुतेकांचं लक्ष जात नाही आणि बरड वावरात सगळी गोम तीच आहे. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे एक किलो प्रेशर. रेन पाईप चालतोच मुळी अर्धा ते एक किलोवर. १०० मीटरला ५ मीटर उतार असलेल्या वावरात पाईप उभा टाकला, तर वरच्या आणि खालच्या टोकात अर्ध्या किलोचा फरक पडतो. वरून पाणी सोडलं तर थोडा फरक घर्षणात जिरतो, खालून सोडलं तर दोन्ही तोटे एकावर एक बसतात आणि वरच्या टोकाला पाईप नुसता पाझरत राहतो. म्हणून पाईप उताराला आडवा, समपातळीवर टाका. समपातळी काढायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. मग प्रत्येक ओळ वेगळ्या उंचीवर येते, म्हणून प्रत्येक ओळीला वेगळा बॉल व्हॉल्व हवाच. खालच्या ओळींचे व्हॉल्व थोडे आवळून, गेजवर (प्रेशर दाखवणाऱ्या काट्यावर) सगळीकडे सारखं प्रेशर बसवून घ्यायचं. व्हॉल्वचा खर्च टाळून अख्ख्या सबमेनला, म्हणजे सगळ्या ओळींना पाणी पुरवणाऱ्या पाईपला, एकच व्हॉल्व लावला, की खालची ओळ फुगते आणि वरची सुकते.

दुसरी युक्ती फुकटची आहे. १०० मीटरच्या पाईपला टोकाऐवजी मधून पाणी द्या, दोन्हीकडे ५०-५० मीटर. लांबी निम्मी होते आणि त्या लांबीत वाहणारं पाणीही निम्मं होतं, त्यामुळे घर्षणाचा तोटा जवळपास सातव्या हिश्शावर येतो. सबमेन ६३ मिमीची, वावराच्या मधोमध, उताराच्या दिशेने टाका. त्यावर सॅडल (भोकावर आवळायचा पट्टा), व्हॉल्व आणि टेकऑफ (रेन पाईप जोडायचं तोंड) बसवा. टोकांना एंड कॅप असू द्या, पण ती हाताने निघणारी हवी, कारण ती आठवड्याला काढून पाईप धुवायचा आहे.

आता काय बिघडतं ते. पाईप सकाळी अंथरला की दुपारच्या उन्हात सैल पडून पीळ घेतो. भोकं वर आकाशाकडे असायला हवीत, ती बाजूला वळतात आणि एका अंगाला नाली पडते. जाड तारेचे उलट्या यू आकाराचे खुंट दर पाच मीटरला ठोका. खुंट पाईप दाबणारा नको, तो फक्त जागेवर धरणारा हवा. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं. महिन्याभरात भोकांभोवती पांढरी खपली धरते. पाईप कोरडा असताना हाताने मळला की खपली सुटते, मग एंड कॅप काढून पाणी सोडायचं. शेततळ्याचं पाणी असेल तर शेवाळ येणारच आणि नुसत्या जाळीच्या फिल्टरवर भागत नाही. आधी वाळूचा फिल्टर आणि मागे जाळीचा, अशी जोडी लागते. काट्याने पडलेल्या छिद्रावर चिकटपट्टी टिकत नाही. तेवढा तुकडा कापून जॉइनर बसवा. प्रत्येक बंडलामागे चार जॉइनर घरात असू द्या.

फुटण्याचं सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. शेतीची वीज पाळीने येते, कधी रात्री बाराला, आणि मोटरीला ऑटो लावलेला असतो. वीज आली की मोटर आपोआप सुरू होते. वावरातले बहुतेक व्हॉल्व बंद असतील किंवा रिकाम्या पाईपात हवा कोंडलेली असेल, तर पहिल्याच धक्क्याला टेकऑफजवळ पाईप फाटतो आणि पाणी पहाटेपर्यंत एकाच जागी वाहत राहतं. ऑटोवर चालवायचं असेल तर एका पाळीचे व्हॉल्व उघडे ठेवूनच घरी या, विहिरीजवळ जादा पाणी परत विहिरीत सोडणारा बायपास बसवा आणि सबमेनच्या सगळ्यात उंच जागी एअर व्हॉल्व लावा. ओळींचे व्हॉल्व, बायपास आणि एअर व्हॉल्व या तीन वस्तू बंडलाच्या भावात धरलेल्या नसतात, पण त्यांच्याशिवाय बंडल टिकत नाही. बाकी रात्रीचं पाणी गवताला उलट मानवतं, वारा पडलेला असतो आणि फवारा उडून जात नाही.

गवत वाढलं की या पाईपचं काम संपतं. मारवेल गुडघ्यापर्यंत आला की फवारा पहिल्याच ओळीवर आपटतो आणि पुढची ओळ कोरडी राहते. पाईप काठीवर उंच बांधण्याचा प्रयोग करू नका. पाण्याच्या वजनाने तो मध्ये झोळ घेतो आणि भोकांची दिशा बदलते. पोळ्याच्या आसपास पाईप गुंडाळून घरी न्यायचा. धामण, मारवेल, स्टायलो यांना पुढे नियमित पाणी लागतही नाही. परतीचा पाऊस चुकला तर ऑक्टोबरात एक संरक्षित पाणी दिलं की पुरतं. पहिल्या वर्षी वावरात ढोरं सोडू नका. निम्मं गवत फुलोऱ्यावर आलं की एकदाच विळ्याने कापा, जमिनीपासून चार ते सहा इंच खोड ठेवून. धामणाचं थोडं बी मात्र वावरातच गळू द्या. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चराईबंदी पाळून डोंगर पुन्हा हिरवा केला. वावरातल्या गवतालाही पहिल्या वर्षी तेवढीच राखण लागते.

उन्हाळ्यात हिरवा चारा हवा असेल तर हिशेब बदलतो. मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो आणि भरगच्च संकरित नेपिअर दिवसाला ७ ते ८ मिमी पाणी उडवतो. म्हणजे एकरी रोज ३० हजार लिटरच्या आसपास. मुरमात पाणी फार साठत नाही, त्यामुळे एक-दोन दिवसाआड द्यावंच लागतं. इथे रेन पाईप पूर्ण नापास आहे. नेपिअर महिन्यात कमरेएवढा होतो, फवारा त्यात शिरत नाही आणि दुपारच्या पश्चिमेच्या वाऱ्यात उरलेलं पाणीही उडतं. नेपिअरला १६ मिमीची इनलाइन (नळीच्या आतच ड्रिपर असलेली) ठिबक घ्या. मुरमात पाणी आडवं पसरत नाही, सरळ खाली जातं, म्हणून ड्रिपरमधलं अंतर ६० नको, ४० सेंटिमीटर घ्या. लागवड दोन डोळ्यांच्या कांड्यांनी, तीन फूट बाय दोन फुटांवर, एकरी साडेसात हजार कांड्या. पहिली कापणी दोन-सव्वादोन महिन्यांनी आणि पुढच्या दीड-दीड महिन्याने. तेवढं पाणी नसेल तर नेपिअर पाच गुंठ्यांवर ठेवा आणि बाकी वावर धामणाला द्या. अर्धवट पाण्यावरचा नेपिअर खोडकट होतो, गुरं पानं खाऊन खोडं गव्हाणीत टाकतात.

तुषार संच या दोघांच्या मधला. लावून झालेल्या मारवेलाला, लसूणघासाला, किंवा आठ-दहा एकर कुरणाला एखादं संरक्षित पाणी द्यायला तो रेन पाईपपेक्षा सरस आहे. ७५ मिमीचे ६ मीटरचे पाईप आणि १२ मीटरवर नोझल. प्रत्येक नोझल अडीच किलो प्रेशरला तासाला १,७०० लिटरच्या आसपास पाणी टाकतो, म्हणजे तासाला ११-१२ मिमी. तासाला १८ हजार लिटरच्या मोटरीवर दहा नोझल बसतात. राईजर (नोझलखालची उभी नळी) गवतापेक्षा उंच घेता येतो, ही मोठी सोय. पण प्रेशर अडीच किलो हवंच. कमी पडलं की नोझलभोवती ओलं कडं उमटतं, मधली जमीन कोरडी राहते आणि थेंब जाड पडतात. असं कडं दिसलं की दोन नोझल बंद करा. वाऱ्याच्या दिवसांत नोझलची ओळ वाऱ्याला आडवी ठेवून अंतर ९ मीटरवर आणा. तुषार संचाला ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेतून अल्प आणि अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान मिळतं. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचा. खरेदी पूर्वसंमती मिळाल्यावरच करा, आधीचं बिल चालत नाही.

एक-दोन एकर धामण किंवा मारवेल लावायचा आहे, विहिरीला जूनमध्ये दोन तास तरी पाणी टिकतं आणि पाईप समपातळीवर टाकून ओळीओळीला व्हॉल्व बसवायची तयारी आहे, अशा शेतकऱ्याने ३०० मायक्रॉनचा रेन पाईप डोळे झाकून घ्यावा. उगवणीसाठी त्याला पाचपैकी साडेचार, उन्हाळी चाऱ्यासाठी एकच. जमीन फार चढ-उताराची, दगडधोंड्यांची असेल, किंवा रानडुकरं आणि रोह्यांची (नीलगाईंची) ये-जा असेल तर जपूनच. एका रात्रीत खुरांनी दहा ठिकाणी भोकं पडतात.

नीट वापरला तर हा पाईप दोन-तीन हंगाम जातो. गुंडाळताना काट्याकुट्यांवरून ओढत न्यायचा नाही, जागेवरच एंड कॅप काढून पाणी झटकत गुंडाळायचा. पूर्ण वाळू द्या, नाहीतर आत शेवाळ काळं पडतं. बंडल कडब्याच्या गंजीत किंवा कुटीच्या खोलीत ठेवू नका, तिथे उंदीर असतात आणि त्यांना हा पाईप कुरतडायला फार आवडतो. ओसरीच्या आढ्याला सावलीत टांगून ठेवा आणि चिठ्ठीवर कुठल्या ओळीचा, कुठे जोड आहे ते लिहून बांधा, म्हणजे पुढच्या मृगात तोच पाईप त्याच जागी पसरता येतो.